टॅबलेटला वावर सापडत नाही तेव्हा

खरीप उभा राहिला की नागपूर जिल्ह्यातल्या कन्हान, कामठी, पारशिवनी, मौदा या पट्ट्यातल्या वावरांत एक तक्रार ऐकू येऊ लागते: ‘जीपीएस लागत नाही.’ १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या वावरात जायचं, उभ्या पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पीक स्वतःच नोंदवायचं. फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. पुढच्या वर्षापासून अ‍ॅप गटाच्या मध्यबिंदूपासूनचं अंतर दाखवू लागलं आणि फोटो गटापासून लांब काढला जात असेल तर तसं सांगू लागलं. पीकविमा, नुकसानभरपाई, पीककर्ज, हमीभावाने धान किंवा कापूस विकायला लागणारी सातबाऱ्यावरची नोंद, हे सगळं आता हातातल्या उपकरणाने दिलेल्या दोन आकड्यांशी जोडलं गेलं आहे. ते आकडे आले नाहीत तर माणूस धुऱ्यावर ताटकळत उभा राहतो आणि नोंदणीची मुदत मात्र सरत जाते.

मोबाइलवर हे काम बहुधा निभावून जातं. अडचण टॅबलेटवर जास्त येते. अक्षरं मोठी दिसतात म्हणून घरातली वडीलधारी माणसं टॅबलेट पसंत करतात. करोनाच्या काळात मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅबलेट अनेक घरांत पडून आहे, तोच शेताच्या कामाला काढला जातो. गावपातळीवर सर्वेक्षण करणाऱ्यांच्या हातातही कधी टॅबलेटच असतो. तो चालेनासा झाला की दुकानात नेला जातो. तिथे फॅक्टरी रीसेट मारलं जातं, आतले फोटो पुसले जातात, आणि जीपीएसची गत जी होती तीच राहते. कारण ‘जीपीएस लागत नाही’ या एका वाक्याखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी असतात. कधी त्या टॅबलेटमध्ये जीपीएस नसतोच. कधी असतो, पण उपग्रहाचा संदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही. कधी संदेश पोचतो, पण तो पुरता वाचून होत नाही. आणि कधी टॅबलेटचं सगळं ठीक असतं, चूक नकाशात असते. यातलं नेमकं काय घडलंय ते आधी ओळखायचं आणि मगच हात घालायचा. हे ओळखणं अवघड नाही.

पहिला प्रश्न: या टॅबलेटमध्ये उपग्रहाचा रिसीव्हर आहे का? सर्वांत जास्त मनस्ताप हा प्रश्न न विचारल्यामुळे होतो असं मला वाटतं. अ‍ॅपलचा आयपॅड दोन प्रकारांत विकला जातो, फक्त वाय-फाय असलेला आणि वाय-फायबरोबर सेल्युलर असलेला. उपग्रहाचा रिसीव्हर फक्त दुसऱ्या प्रकारात असतो. त्यात सिमकार्ड नसलं तरी तो चालतो, पण पहिल्या प्रकारात कितीही खटपट केली तरी तो येणार नाही, कारण तो भागच आत बसवलेला नाही. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये असा एकच नियम नाही. काही वाय-फाय मॉडेलमध्ये रिसीव्हर असतो, काहींत खर्च वाचवण्यासाठी गाळलेला असतो. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन मॉडेलमध्येही हा फरक सापडतो. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘टॅबलेटविषयी’ या पानावर दिलेला पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायदू यांपैकी एखादं नाव दिसतं का ते पाहावं. एकही नाव नसेल तर शोध तिथेच संपला.

यावर लोक लगेच विचारतात, मग घरी नकाशावर निळा ठिपका कसा बरोबर येतो? तो ठिपका उपग्रहांकडून आलेला नसतो. प्रत्येक वाय-फाय राउटर आपला ओळख क्रमांक आसमंतात सतत जाहीर करत असतो. कोणता राउटर कुठे आहे याच्या प्रचंड याद्या गूगल आणि अ‍ॅपल यांनी लाखो-कोट्यवधी फोनांकडून मिळालेल्या माहितीवरून तयार केल्या आहेत. टॅबलेट आजूबाजूचे राउटर ऐकतो, ती यादी विचारतो आणि आपण कुठे आहोत त्याचा अंदाज करतो. कन्हानच्या बाजारपेठेत किंवा कामठीच्या दाट वस्तीत हा अंदाज चांगला बसतो. वस्ती मागे टाकून वावरात गेलं की ऐकायला राउटरच उरत नाहीत आणि ठिपका गायब होतो, किंवा दोन-तीन किलोमीटर लांब मोबाइल टॉवरच्या आसपास रेंगाळतो. नागपुरातून बिऱ्हाड हलवून कन्हानला आलेल्या घराचा टॅबलेट काही काळ नागपूरचाच जुना पत्ता दाखवतो, त्याचंही कारण हेच. राउटर सामानाबरोबर आला, यादीत तो अजून जुन्या घरी आहे. इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून अंदाज केला तर टॅबलेट कन्हान सोडून थेट मुंबईही दाखवू शकतो.

म्हणून खरी कसोटी घराबाहेर, मोकळ्या आभाळाखाली घ्यायची. वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा. लोकेशनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंगचे जे पर्याय असतात तेही बंद करा. आता जे काही स्थान मिळेल ते उपग्रहांकडूनच मिळेल.

ते मिळणं किती नाजूक काम आहे, हे समजलं की पुढची बरीचशी दुरुस्ती आपोआप सुचते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला जवळजवळ दोन फेऱ्या मारतात. पहिला प्रायोगिक उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला, १९९५ मध्ये संपूर्ण व्यवस्था कामाला लागल्याचं जाहीर झालं, आणि आता तिशीच्या आसपास उपग्रह कामात असतात. प्रत्येक उपग्रह अणुघड्याळावरची वेळ आणि आपली जागा सांगत राहतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की उपग्रहाचं अंतर मिळतं. चार उपग्रहांची अंतरं हाती आली की जागा, उंची आणि टॅबलेटच्या स्वस्त घड्याळातली चूक अशा चारही अज्ञात गोष्टी सोडवता येतात. वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. कन्हान परिसरात एवढ्या अंतरात कितीतरी गट मावतील.

आणि हा संदेश येतो कसा? उपग्रहाच्या प्रक्षेपकाची ताकद घरातल्या एखाद्या बल्बइतकीच, काही दहा वॅटची. वीस हजार किलोमीटरवरून तो उजेड अर्ध्या पृथ्वीवर पसरतो. टॅबलेटच्या अँटेनापर्यंत येताना त्याची शक्ती एका वॅटच्या शंभर कोटी कोटी भागांपैकी एका भागाइतकी उरते. उपकरणाच्या आतच विजेच्या प्रवाहाची जी नैसर्गिक खरखर असते, तिच्याहीपेक्षा हा संदेश क्षीण असतो. प्रत्येक उपग्रहाची १०२३ ठोक्यांची ठरलेली खूण असते आणि ती दर मिलिसेकंदाला पुन्हा येते. ती खूण आधीच ठाऊक असल्यामुळे रिसीव्हर तिला खरखरीतून उकरून काढू शकतो. मानवी बुद्धीचं हे फार मोठं यश आहे आणि ते आपण रोज खिशात घेऊन फिरतो.

इतक्या क्षीण संदेशापुढे टिनाचं छप्पर ही भिंतच ठरते. काँक्रीटचा स्लॅब, लोखंडी पूल, मोटारीच्या काचेवरची उष्णता परतवणारी धातूमिश्रित फिल्म, टॅबलेटच्या कव्हरात घातलेला धातूचा पत्रा, हे सगळे त्याला अडवतात. ढग मात्र अडवत नाहीत. पावसाने भिजलेली घनदाट पानं त्याला बरंच शोषतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली आडोशाला उभं राहून ‘ढग आहेत म्हणून लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी पाच-पन्नास पावलं पुढे मोकळ्या बांधीत यावं. बरेचदा तेवढंच पुरतं.

रिसीव्हर काय ऐकतोय ते डोळ्यांनी पाहण्याची सोय आहे. ‘जीपीएसटेस्ट’ नावाचं एक मोफत अ‍ॅप अँड्रॉइडवर मिळतं. ते आकाशातले उपग्रह आणि प्रत्येकाच्या संदेशाची ताकद आकड्यांत दाखवतं. मोकळ्या आभाळाखाली चांगल्या टॅबलेटवर बऱ्याच उपग्रहांचे आकडे ३५ ते ४५ च्या घरात येतात. आकडे विशीच्या आसपास किंवा त्याखाली राहत असतील तर संदेश अडतोय. कव्हर काढून पाहा, टॅबलेट आडवा-उभा करून पाहा, त्याला जोडलेला चार्जर किंवा पॉवर बँक काढून पाहा. मोटारीत बसूनच काम करत असाल तर डॅशकॅमेरा बंद करा, कारण स्वस्त कॅमेरे आणि चार्जर रेडिओ लहरींचा गोंगाट करतात आणि त्यात उपग्रहाचा संदेश बुडून जातो. एकही उपग्रह यादीत येत नसेल तर रिसीव्हर नाही, त्याला परवानगी नाही, किंवा तो बंद पडला आहे. आणि आकडे उत्तम असूनही स्थान मिळत नसेल, तर बिघाड अँटेनात नाही, माहितीत आहे. हा शेवटचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे, कारण इथेच धीर सुटतो आणि चांगला टॅबलेट नादुरुस्त ठरवला जातो.

उपग्रह आपली नेमकी कक्षा सांगतो, पण सेकंदाला केवळ ५० बिट या गतीने. हातातल्या टॅबलेटवर एक फोटो क्षणात उतरतो, त्या तुलनेत ही गती गोगलगाईचीही नाही. कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि तिच्यासाठी अर्ध्या मिनिटाच्या आसपास अखंड ऐकावं लागतं. मधेच चालत झाडाखाली गेलात किंवा टॅबलेट पिशवीत टाकलात तर तुकडा तुटतो आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला तर साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइलमध्ये हा उशीर जाणवत नाही, कारण तो ही माहिती उपग्रहाऐवजी इंटरनेटवरून दोन-चार सेकंदांत आणतो. सिम नसलेला टॅबलेट वावरात इंटरनेटशिवाय असतो. त्याला सगळं उपग्रहांकडूनच हळूहळू ऐकावं लागतं. त्यातून तो उन्हाळाभर कपाटात पडून असेल, बॅटरी पूर्ण उतरली असेल आणि घड्याळ जुन्याच तारखेवर गेलं असेल, तर कोणता उपग्रह आता कुठे शोधायचा हेही त्याला ठाऊक नसतं.

यावरचे उपाय अगदी साधे आहेत. घरून निघण्यापूर्वी टॅबलेट इंटरनेटला जोडा, तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा, नकाशा उघडून दोन मिनिटं तसाच ठेवा. वावरात पोचल्यावर फोनचा हॉटस्पॉट देता आला तर उत्तमच. नाही तर मोकळ्या जागी, पडदा आभाळाकडे करून, पंधरा मिनिटं न हलता थांबा. एकदा स्थान सापडलं की पुढचे काही तास ते भराभर सापडत राहतं. गावात पीक पाहणी करणाऱ्या सहायकांना प्रशिक्षणात बाकी सगळं सांगितलं जातं, पण ही पंधरा मिनिटं त्यांच्या कामाच्या वेळेत धरली जायला हवीत असं मला ठामपणे वाटतं. धावतपळत एका गटातून दुसऱ्या गटात जाणाऱ्या माणसाला उपकरणाने साथ द्यावी अशी अपेक्षा करायची, तर उपकरणाला ऐकायला वेळ दिला पाहिजे.

फार जुन्या टॅबलेटचं एक वेगळंच दुखणं असतं. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे मोजायला दहाच बिट वापरतो, त्यामुळे ६ जानेवारी १९८० पासून मोजलेला आठवडा १०२३ वर गेला की पुन्हा शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, ७ एप्रिल २०१९ च्या पहाटे पुन्हा झालं, आणि पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. चिप बनवणारे मोजणीची सुरुवात आपापल्या सोयीने ठरवतात, त्यामुळे काही उपकरणांचा शून्य वेगळ्याच दिवशी येतो. अ‍ॅपलने तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आयपॅडच्या आणि पहिल्या आयपॅड मिनीच्या सेल्युलर मॉडेलना ३ नोव्हेंबर २०१९ पूर्वी नवी प्रणाली घ्यायला सांगितलं होतं, कारण त्या तारखेनंतर त्यांचा जीपीएस चुकणार होता. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडना ही सूचना लागू नव्हती, त्यांच्यात जीपीएसच नव्हता. दहा-बारा वर्षांपूर्वीचा टॅबलेट कुणी वापरायला दिला असेल, त्याला उपग्रह भरपूर दिसत असतील आणि तरीही जागा मिळत नसेल, किंवा जीपीएसची तारीख वीस वर्षं मागची येत असेल, तर सॉफ्टवेअरचं अद्यतन हाच उपाय. कंपनीने अद्यतनं बंद केली असतील तर तो टॅबलेट पुस्तकं वाचायला ठेवावा.

सेटिंग्जबद्दल थोडक्यात. लोकेशन चालू आहे आणि त्या विशिष्ट अ‍ॅपला त्याची परवानगी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला ‘अचूक’ किंवा ‘ढोबळ’ स्थान देण्याचा पर्याय आला. घाईत ‘ढोबळ’वर बोट पडलं तर अ‍ॅपला तुमचं गाव कळतं, वावर कळत नाही. आयपॅडवरही असाच अचूक स्थानाचा वेगळा खटका आहे. बॅटरी वाचवण्याचा मोड काही टॅबलेटवर पडदा मिटताच जीपीएस झोपवतो. आणि डेव्हलपरसाठीच्या पर्यायांत खोटं स्थान देणारं एखादं अ‍ॅप निवडलेलं राहिलं असेल, तर खरं स्थान कधीच पुढे येणार नाही. मुलांनी खेळासाठी असं अ‍ॅप घातलेलं असणं अगदी शक्य आहे.

हे सगळं पाहून झालं आणि आकडे तरीही कमीच, तर मग उपकरण उघडण्याची वेळ. जीपीएसची अँटेना म्हणजे बहुधा वरच्या कडेला, प्लास्टिकच्या आत चिकटवलेली तांब्याची बारीक पट्टी. ती मुख्य पाटीला एखाद्या चिमुकल्या स्प्रिंगने किंवा केसासारख्या केबलने टेकलेली असते. पडदा किंवा बॅटरी बदलताना ती केबल पुन्हा नीट दाबून बसवली गेली नाही, किंवा पाणी जाऊन स्प्रिंगवर गंज चढला, तर रिसीव्हर ठणठणीत असूनही बहिरा होतो. टॅबलेट दुरुस्तीनंतरच जीपीएस गेला असेल तर कारागिराला एवढंच सांगावं: ‘चिप बदलू नका, आधी अँटेनाचं टोक बघा.’ रचनेतलीच चूक असेल तर मात्र कारागीर काही करू शकत नाही. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या असुसच्या ट्रान्सफॉर्मर प्राइम या टॅबलेटची पाठ देखण्या अ‍ॅल्युमिनियमची होती, आणि त्या धातूने उपग्रहांचा संदेश रोखला. कंपनीने वैशिष्ट्यांच्या यादीतून जीपीएस काढून टाकला आणि पुढे ग्राहकांना बाहेरून जोडायचा जीपीएसचा खुंटा फुकट दिला. जगातल्या नामांकित अभियंत्यांच्या हातून हे घडलं. तेव्हा आपल्या टॅबलेटला धातूचं मजबूत कव्हर घालताना थोडा विचार करावा.

कन्हानच्या भोवती कामठी, गोंडेगाव, इंदर अशा वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी आहेत. खुल्या खाणीच्या तळाशी स्थान का चुकतं, हे पाहिलं की आकाशाच्या आकाराचं महत्त्व कळतं. तिथे डोक्यावर आभाळ मोकळं असतं, संदेश जोरात येतो, पण चारही बाजूंच्या उंच कडांमुळे क्षितिजाजवळचे उपग्रह झाकले जातात. उरलेले सगळे उपग्रह डोक्यावरच्या एकाच तुकड्यात दाटलेले असतात. त्यांच्याकडून मोजलेल्या अंतरांच्या रेषा एकमेकींना तिरप्या कोनात छेदतात आणि मोजणीतली थोडीशी चूक जमिनीवर मोठी होऊन पडते. उपग्रह चहूकडे विखुरलेले असले तर तीच चूक लहान राहते. खाणीच्या मातीचे ढिगारे ज्या वावरांना लागून उभे आहेत, तिथेही त्या बाजूचं आभाळ बुजलेलं असतं. अशा ठिकाणी ढिगाऱ्यापासून जितकं लांब सरकता येईल तितकं सरकून नोंद करावी.

आणखी एक अडथळा डोळ्यांना दिसत नाही. जमिनीपासून शंभर ते हजार किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेल्या हवेच्या कणांचा थर आहे, आयनांबर. त्यातून येताना संदेशाला उशीर होतो. हा थर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, थोडा दूर, सर्वांत दाट होतो, आणि उत्तरेकडचा तो दाट पट्टा मध्य भारतावरून जातो. सुमारे २१ अंश अक्षांशावरचं नागपूर त्याच्या जवळच आहे. दुपारी दोनच्या सुमाराला हा परिणाम सर्वांत जास्त असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर संदेश लुकलुकतोही, आणि सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत हे अधिक होतं. साधा टॅबलेट एकाच वारंवारितेवर ऐकतो, त्याला हा उशीर पुरता ओळखता येत नाही. सकाळी काम केलेलं बरं, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. या बाबतीत उपग्रहशास्त्रही त्याच्या बाजूचं आहे.

विमानांसाठी या उशिरामुळे होणारी चूक धोक्याची होती, म्हणून इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही व्यवस्था उभारली. देशात तिची १५ संदर्भकेंद्रं आहेत आणि त्यांतलं एक नागपूरला आहे. आपली जागा सेंटिमीटरपर्यंत ठाऊक असलेलं हे केंद्र जीपीएसने सांगितलेली जागा आणि खरी जागा यांतला फरक सतत मोजतं. सगळ्या केंद्रांचा हिशेब एकत्र करून दुरुस्तीचा संदेश भूस्थिर उपग्रहांवरून देशभर दिला जातो. २०१५ मध्ये गगनला विमान उतरताना उंचीचं मार्गदर्शन करण्याचंही प्रमाणपत्र मिळालं. तो संदेश फुकट आहे, पण सगळ्याच टॅबलेटच्या चिप तो वापरत नाहीत. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या दिशादर्शन व्यवस्थेच्या उपग्रहांचंही तसंच. २०१३ पासून ते सोडले गेले, काहींची आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा भारतात बनलेलं अणुघड्याळ बसवलं गेलं. त्यानंतरचा उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये गेला, पण त्याला नियोजित कक्षा गाठता आली नाही. सरकारी कामासाठी टॅबलेट घेताना नाविक आणि दोन वारंवारितांवर ऐकणारा रिसीव्हर मागितला जावा. निविदेत पडद्याचा आकार आणि मेमरी लिहिली जाते, तिथेच ही एक ओळ लिहिली तर गावागावांतला केवढा तरी त्रास वाचेल.

आता टॅबलेट बरोबर असून नकाशा चुकण्याबद्दल. टॅबलेटने स्थान दिलं, उपग्रह पंधरा-वीस, अचूकता पाच मीटर, आणि तरीही ठिपका शेजाऱ्याच्या गटात. अशा वेळी आधी त्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ पाहावं. तुम्ही त्या वर्तुळात कुठेही असू शकता, एवढाच त्याचा दावा असतो. वर्तुळ लहान आहे आणि ठिपका तरीही चुकीचा, तर संशय नकाशावर घ्यावा. गावनकाशे साखळीने आणि फलकयंत्राने मोजून कागदावर काढले गेले. कागद ताणला, आकसला, दुमडला गेला. त्याचं स्कॅनिंग करून आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना काही मीटरची सरकासरक होणं स्वाभाविक आहे.

त्यामागे आणखी जुना इतिहास आहे आणि तो या भागाला फार जवळचा आहे. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोण जोडत आणत, सर्वेक्षणाचा मुक्काम नागपूरकडे हलवत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. वय सत्तरीच्या आसपास होतं. त्यांच्या मोजणीवरून पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीचा जो गणिती आकार ठरवला, त्याच्या आधारावर भारताचे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या काढले गेले. जीपीएस मात्र १९८४ मध्ये ठरवलेला वेगळा आकार वापरतो. त्यामुळे त्याच जागेचे जुन्या आणि नव्या पद्धतीचे अक्षांश-रेखांश नागपूरच्या परिसरात शंभर मीटरहून अधिक सरकलेले असतात. दोन्ही बरोबर, फक्त मोजण्याचा आधार वेगळा. जुन्या नकाशावरून घेतलेले आकडे तसेच्या तसे टॅबलेटमध्ये भरले, तर माणूस दुसऱ्याच्या वावरात जाऊन उभा राहील.

इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. आपल्या भागात अक्षांशात दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा एकाने बदलला की साधारण १११ मीटर सरकायला होतं, रेखांशात सुमारे १०४ मीटर. पाचवा आकडा म्हणजे मीटरभर. ओळखीच्या एका ठिकाणी, समजा विहिरीच्या कठड्याशी, टॅबलेटचे आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावेत. चौथ्या आकड्यात किरकोळ, पाचव्यात थोडा जास्त फरक पडला तर टॅबलेट निरोगी आहे. दोन्ही दिवशी आकडे जुळतात, पण नकाशा त्याच दिशेला तेवढाच सरकलेला दिसतो, तर चूक नकाशाची. तशी लेखी तक्रार ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात द्यावी, आकड्यांसकट. धुऱ्याचा वाद मात्र टॅबलेटवर सोडवायला जाऊ नये. पाच मीटरची अचूकता पीक नोंदवायला पुरते, हद्द ठरवायला नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेखचा भूकरमापक रोव्हर हे मोजणीचं उपकरण घेऊन येतो. त्या रोव्हरला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायमस्वरूपी संदर्भकेंद्रांकडून दुरुस्ती मिळते आणि तो सेंटिमीटरमध्ये बोलतो.

टॅबलेटमध्ये रिसीव्हरच नसेल, तर ब्लूटूथने जोडायचा छोटा बाहेरचा रिसीव्हर घेता येतो. अँड्रॉइडवर त्याचं स्थान टॅबलेटला देण्यासाठी सोबतचं अ‍ॅप डेव्हलपर पर्यायांत खोट्या स्थानाचा स्रोत म्हणून निवडावं लागतं, आणि काही सरकारी अ‍ॅप नेमकं असं स्थान नाकारतात. विकत घेण्यापूर्वी हे तपासावं. आयपॅडसाठी अ‍ॅपलला चालणारेच रिसीव्हर घ्यावे लागतात. मुदत तोंडावर आली असेल तर या फंदात न पडलेलं बरं. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेजारच्या वावरातल्या पोराचा फोन घ्या, पऱ्हाटीत उभं राहून फोटो काढा, नोंद पाठवा. टॅबलेटची दुरुस्ती त्यानंतर, सवडीने.